गॅरेजचं दार कुणी बंद केलं

नाव: सौ. वसुधा गुरुदत्त निमकर. वय: ६८ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी फार्मासिस्ट. राहणार: नेपरव्हिल, इलिनॉय. मूळ गाव अकोला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मला इंग्रजी चांगलं येतं. औषधांच्या काउंटरमागे उभं राहून इथल्या लोकांना कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर हे समजावण्यात माझा जन्म गेला. पण आज दुपारपासून तोंडात इंग्रजी शब्द म्हणून येत नाही. म्हणून दुभाष्या लतिकाताई यांच्यासमोर मराठीत सांगते आहे. मी सांगेन तसंच लिहा, मधे सुधारत बसू नका, असं मी त्यांना बजावलं आहे.

माझे पती गुरुदत्त, वय ७२, इस्पितळात, दाबाने ऑक्सिजन देतात त्या बंद टाकीत आहेत. गाडीच्या धुरातला विषारी वायू त्यांच्या रक्तात गेला. माझा मुलगा देवांग, वय ३६, इथे बाहेरच्या बाकावर बसवून ठेवला आहे. गाडी चालू असताना गॅरेजचं दार आपण बंद केलं, असं त्याने डिटेक्टिव्ह हॅनली साहेबांना सांगितलं. ते साफ खोटं आहे. दार मी बंद केलं. हे सांगायला मी नवऱ्याला माझी मैत्रीण रेखा हिच्या भरवशावर सोडून आले. तिथे बसले तर मुलगा जातो आणि इथे बसले तर काय होईल ते मला माहीत नाही.

गाडीबद्दल विचारल्यावरून सांगते की, ती देवांगची आहे. निळी, दोनच दारांची, आठ सिलिंडरची. घटस्फोट झाल्यावर तो आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आला आणि पाठोपाठ ही गाडी आली. माणसं दुःखात दाढी वाढवतात, याने गाडी घेतली. मग गेल्या सप्टेंबरात त्याच्या डोक्यात आलं की हिला कस्टम एक्झॉस्ट बसवायचा. म्हणजे धूर जायचा पाइप आणि मफलर मापाने नवीन बनवून घ्यायचा, की गाडी डरकाळ्या फोडते. आता गंमत बघा. माझ्या नवऱ्याने उभ्या नोकरीत, आधी ॲन आर्बरला आणि मग शॉमबर्गला, एकच काम केलं: मफलर डिझाइन करून गाड्यांचा आवाज कमी करणं. आणि पोटचा पोरगा निघाला आवाज वाढवायला! मी म्हटलं, झालं, आता घरात महाभारत.

पण झालं भलतंच. घटस्फोटापासून बापलेक एकमेकांशी बर्फ किती पडणार एवढंच बोलत होते. एका रविवारी देवांग जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर पाइपचं ड्रॉइंग करत होता. हे मागून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "तीन इंची घेतलास तर हायवेवर डोकं उठेल. ड्रोन येईल." ड्रोन म्हणजे ठरावीक वेगाला गाडीत घुमत राहणारा आवाज, हे मला कुणी न विचारता आता पाठ झालं आहे. देवांग म्हणाला, "देन व्हॉट वुड यू डू, बाबा?" साहेब, त्या घरात "बाबा" ऐकून किती दिवस झाले होते! मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले, म्हणजे मला काही ऐकू येत नाही असं दोघांना वाटावं.

त्या दिवसापासून माझं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. गिफ्टच्या कागदाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या कापून यांनी पाइपचं मॉडेल केलं. ड्रोन मारायला बाजूला एक बंद नळी जोडायची, ती किती लांब, यावर दोन आठवडे खलबतं. मधे एक झडप, बटणावर चालणारी; आमच्या कॉलनीत गाय आणि हायवेला वाघ, असं हे म्हणाले. वेल्डिंग शॉमबर्गला करायचं होतं, देवांगचा मित्र कबीर याच्या वर्कशॉपमध्ये. कबीर घरी जेवायला आला की तिघं मिळून माझ्या वाट्या उपड्या घालून चाकं करायचे.

शेजारच्या बाईंनी गुरुवारी आमच्याकडे भांडण झाल्याचं आणि माझे पती "यू विल किल समबडी" असं ओरडल्याचं सांगितलं आहे, त्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, शब्द बरोबर आहेत, भांडण चूक आहे. देवांग पाइप पेट्रोलच्या टाकीला घासून न्यायचा म्हणत होता, म्हणून हे ओरडले. मग देवांग ओरडला. मग दोघंही पोहे खायला बसले. आमच्या घरात आनंदातसुद्धा असंच बोलतात, त्याला आमचा इलाज नाही. माझे पती अलीकडे उदास होते का, जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलत होते का, असंही साहेबांनी विचारलं. अहो, बुधवारी त्यांनी नवीन हातमोजे मागवले, पाइप कापताना लागतील म्हणून. उदास माणूस हातमोजे मागवतो का?

आजच्या दिवसाबद्दल सांगते की, माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इथे सण तिथीला होत नाही, शनिवारी होतो. थंडी अशी की दार उघडलं की नाक गळून पडेल. मी दोघांना म्हटलं, "आजच हा उपद्व्याप का? बायका यायच्यात." हे म्हणाले, "कबीरला सोमवारी माप द्यायचंय. जुना मफलर काढून नुसत्या पाइपचा आवाज रेकॉर्ड केल्याशिवाय नळीची लांबी कळत नाही." गॅरेजचं मोठं दार अर्धं वर होतं आणि देवांगने हवा बाहेर जायला पंखा लावला होता. हे गाडीच्या मागे घडीच्या खुर्चीवर, घराच्या दाराकडे पाठ करून, कानावर पिवळे इअरमफ घालून बसले होते. समोर माइक होता. वर्गातल्या हुशार मुलासारखे दिसत होते, असं मला वाटलं. ते मी बोलले नाही.

बायका येऊ लागल्या. ड्राइव्हवेवर बर्फाची काच झालेली, म्हणून मी देवांगला हाक मारली: "अरे, रेखाकाकूची गाडी लावून ये, ती पडेल तिथे." तो तिची किल्ली घेऊन निघाला आणि जाताना मला म्हणाला, "आई, डोन्ट टच द गॅरेज डोअर. आय विल बी राइट बॅक." त्याने मला बजावलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. स्वच्छ बजावलं होतं. मी "हो रे, हो" म्हटलं. माझ्या हातात तिळगुळाचं ताट होतं आणि लक्ष दाराच्या घंटीकडे.

देवांगची गाडी गॅरेजमध्ये चालूच होती, तिचा आवाज घरभर घुमायला लागला. देव्हाऱ्यातली समई थरथरायला लागली. दाराखालून गार वारा आत. समोरच्या घरातले नवराबायको खिडकीत येऊन बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही माणसं काय म्हणतील, इतकी वर्षं इथे राहून यांना रीत नाही, असं मनात आलं. गॅरेजकडचं आतलं दार उघडून यांना हाक मारली, "अहो, पुरे आता!" उत्तर नाही. मला वाटलं, नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं करताहेत. इअरमफ माझ्या लक्षातच आले नाहीत. गॅरेजच्या मोठ्या दाराचं बटण घराच्या बाजूला, भिंतीवर चपलांच्या कपाटाशी आहे. ते मी दाबलं, आतलं दार लावून घेतलं आणि बायकांना कुंकू लावायला गेले. आवाज कमी झाला म्हणून मला बरं वाटलं. उखाणे झाले, मीही घेतला, यांच्या नावाचा.

घरातला अलार्म का वाजला नाही, याबद्दल विचारल्यावरून सांगते की, तो मी सकाळी छतावरून काढून ड्रॉवरमध्ये, पुसायच्या कपड्यांखाली ठेवला होता. फोडणी दिली की तो बोंबलतो. आमच्या ओळखीतलं कुठलंही मराठी घर बघा, पाहुणे येणार म्हटलं की अलार्म ड्रॉवरमध्ये. धुराचा आणि या वायूचा मिळून तो एकच होता आणि हे त्याच्या खोक्यावर लिहिलेलं मी वाचलं होतं. बाटलीवरचं नीट वाचत जा, असं जगाला सांगत आले मी. ड्रॉवर देवांगला माहीत नव्हता. यांना तर घरातला एकही ड्रॉवर माहीत नाही.

देवांगला गल्लीच्या टोकापर्यंत जागा मिळाली नाही, म्हणून उशीर झाला. तो पुढच्या दाराने आला, बूट काढता काढता थबकला आणि म्हणाला, "व्हाय इज इट सो क्वाएट?" मी म्हटलं, "मी दार लावलं ना." त्याचा चेहरा मी बघितला. एका पायात बूट तसाच ठेवून तो धावला. दार उघडून, यांना काखेत धरून त्याने ओढत बाहेर बर्फावर आणलं. इअरमफ अजून कानावरच होते. मी अनवाणी गेले. माझ्या बोटांची हळद यांच्या स्वेटरला लागली. अँब्युलन्सला रेखाने फोन केला. अँब्युलन्स येईपर्यंत देवांग त्यांच्या तोंडात श्वास भरत होता. मधे एकदा मान वर करून तो मला म्हणाला, "आई, तू काही केलेलं नाहीस. ओके? यू वेअर विथ द गेस्ट्स." इंग्रजीत उत्तरं देणारा मुलगा एकदम मराठीत बोलला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, धीर देतोय.

तेव्हा देवांगने साहेबांना जे सांगितलं ते मला वाचवायला सांगितलं. त्याच्या हातून काहीही चुकलेलं नाही. दार उघडं ठेवलं त्याने, पंखा लावला त्याने, बजावलं त्याने, ओढून काढलं त्याने. आधीच त्याचं एक घर मोडलं आहे. बापाला मारलं असं कागदावर आलं तर तो उठणार नाही. गुन्हा लिहायचा तर माझ्या नावावर लिहा. डॉक्टर म्हणाले, शुद्ध येईलही, पण मेंदूला किती मार बसला ते सांगता येत नाही. बोलतील का, ओळखतील का, सांगता येत नाही. मला भीती वाटते, साहेब. हेही लिहा.

जबाब इथवर आला असताना रेखाचा फोन आला. साहेबांच्या परवानगीने तो स्पीकरवर लावला. रेखा रडत होती की हसत होती ते आधी कळेना. तिने सांगितलं की यांना टाकीतून बाहेर काढलं आणि यांनी डोळे उघडले. "वसुधा कुठे?" असं विचारलं. रेखाने सांगितलं, पोलिसात गेली, देवांगवर बालंट आलंय, दार कुणी बंद केलं म्हणून. तसे हे बोटाने नर्सला जवळ बोलावून ठणठणीत इंग्रजीत म्हणाले, "प्लीज राइट दिस डाउन. आय क्लोज्ड द डोअर मायसेल्फ. आय वॉज फीलिंग कोल्ड."

एका दाराला बंद करणारे तिघं झाले, यातलं खरं कोण, असं साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, खरी मी. माझे पती कान झाकून, पाठमोरे बसले होते आणि ते बटण कुठे आहे हेही त्यांना धड माहीत नाही. त्यांचं म्हणणं पूर्णपणे खोटं आहे. बायको आणि मुलगा दोघंही एका वाक्यात सुटतील असं खोटं त्यांना उशीवर पडल्या पडल्या रचता आलं, म्हणजे त्यांचं डोकं शाबूत आहे. माझा जीव भांड्यात पडला. हे इस्पितळातल्या डॉक्टरांना तातडीने कळवावं.

लतिकाताईंनी हा जबाब मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. त्यातला शब्दन् शब्द माझा आहे आणि खरा आहे. मुलाच्या आणि नवऱ्याच्या जबाबाशी तो जुळत नाही. जुळवू नये.

सही: वसुधा गुरुदत्त निमकर