गणू सोंगाड्याचा हवालदार

आमच्या तमाशातल्या गणू सोंगाड्याचं सांगतो, च्या पीत ऐका. मी त्याचा ढोलकीवाला. राजावर विनोद केला म्हणून संस्थानानं त्याला हद्दपार केलं, तवा आमी हद्दीबाहेर माधवनगरला तंबू ठोकला. गणू मराठी, हिंदी, कानडी तिन्ही भाषांत हसवायचा. राजाची टिंगल मातूर कानडीतच.

संस्थानानं मागं एक हवालदार लावलेला, गणू राजाबद्दल रोज काय बोलतो ते लिवून धाडायला. त्यो वाईचा, कानडीचा गंध न्हाई. लोक पोट धरून हसायचे, ह्यो कोरा कागद घेऊन बसायचा. शेवटी गणूलाच म्हणाला, "गणपतराव, नोकरी जाईल हो माझी. काय म्हणालात तेवढं सांगा."

गणू म्हणाला, "लिवा. सोंगाड्यानं महाराजांची लय स्तुती केली."

महिनाभर हेच. राजा खूश झाला, हद्दपारी उठवली अन् दरबारात खेळ ठेवला. हुकूम आला, "माधवनगरला रोज म्हणतोस तेच म्हण."

गणूनं तेच म्हटलं. राजाला समजावं म्हणून मराठीत.

दुसऱ्या दिवशी आमी परत माधवनगरात. मागनं ट्रंक घेऊन हवालदार. त्योबी हद्दपार!

गणूनं त्याला खेळात हवालदाराचंच काम दिलं. गड्या, तेवढं त्याला कवाच जमलं न्हाई.