घरातलं एकमेव मत

अरे, आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच, त्यामुळे फ्रीमाँटच्या आमच्या घरात मत एकच: इथे जन्मलेल्या रियाचं. तिचं पहिलं बॅलट पोस्टाने आलं, तर बायकोने मतपत्रिका भरून परत पाठवायच्या पाकिटाला हळदकुंकू लावून ते देवापुढे ठेवलं.

वीकेंडला रिया कॉलेजातून आली. मी म्हटलं, "चल, मिळून भरू." लहानपणी बातम्या बघताना हीच विचारायची, "बाबा, आपण कोणाच्या बाजूचे?" कॉलेजला गेल्यापासून आमचं एकाही बातमीवर पटत नाही.

खोलीचं दार लावून तिने एकटीनेच भरलं.

"कोणाला दिलंस, ते तरी सांग!"

"तू चिडशील, बाबा. उद्या ऑफिसला जाताना रस्त्यावरच्या मतपेटीत टाकशील, प्लीज?"

टाकलं यार. बहुतेक माझ्याच विरोधातलं मत, कुंकवासकट, मीच पोचवून आलो.