तेरा इंची चाकांच्या चोरीबाबत

मी, ऑड्री पार्फिट, वय ६९ वर्षे, धंदा पूर्वी सुईण, आता निवृत्त, राहणार चॅपल लेन, हॉपस्टन, श्रॉपशर परगणा, आज बुधवारी सकाळी बोलावल्यावरून पोलीस चौकीत आले असून विचारल्यावरून खरे तेच सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती नॉर्मन असे दोघेच राहतो. पतीची निळ्या रंगाची जुनी मिनी गाडी आमच्या दारात उभी असते. तिची चारही तेरा इंची चाके चोरीस गेल्याची पतीने सोमवारी दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. चोराने जाताना त्या जागी चार दहा इंची चाके बसवली, नट पक्के आवळले आणि हवाही भरली, असे तक्रारीत नमूद आहे. ते बरोबर आहे. चाके मी बदलली.

हे ऐकून जबाब लिहिणारे हवालदार गॅरेथ प्रोबर्ट यांनी पेन खाली ठेवले आणि "नर्सबाई, आधी वकिलाला बोलवायचं का?" असे विचारले. मी नको म्हटले. हवालदार गॅरेथ यांच्या वेळचे त्यांच्या आईचे बाळंतपण मीच केले होते. ते पायाळू होते, आणि बाहेर यायला तेव्हाही त्यांनी असाच उशीर लावला होता. हा मजकूर जबाबात नको असे त्यांचे म्हणणे पडले. जबाब माझा आहे, असे माझे म्हणणे पडले.

सदर गाडी मी सुईणीच्या नोकरीत असताना घेतली. तेव्हा नॉर्मनशी माझी ओळखही नव्हती. आमच्याकडचे रस्ते डोंगराचे, दोन्ही बाजूंना दगडी कुंपण, आणि समोरून मेंढ्या आल्या तर मागे जायचे ते आपणच. गाडीची मूळ चाके दहा इंची. स्टिअरिंगला बोट लावले की गाडी वळे. एका हाताने सफरचंद खात मी ती डोंगरावर नेलेली आहे. बाळंतिणी वाट पाहत नाहीत.

नॉर्मन निवृत्त झाल्यावर जुन्या छोट्या गाड्यांच्या मंडळात जाऊ लागला. रिकाम्या पुरुषाला काहीतरी लागतेच. आमच्या शेजाऱ्यांनी मधमाश्या पाळल्या, नॉर्मनने माझ्या वाटणीला चाके आणली. मंडळातले लोक दर रविवारी दारूच्या गुत्त्यामागच्या मैदानात गाड्या ओळीने लावतात आणि एकमेकांच्या चाकांपुढे गुडघे टेकतात. चर्चमध्ये त्यांचे गुडघे दुखतात. गावच्या जत्रेत सर्वांत देखण्या गाडीला चषक असतो, आणि ती जत्रा यंदा येत्या रविवारी आहे. त्या चषकापायी नॉर्मनने दोन वर्षांपूर्वी ही रुंद, चकचकीत तेरा इंची चाके बसवली. ती गाडीच्या अंगाबाहेर आली म्हणून वरून रुंद मडगार्डही लावले. मला विचारले नाही. माझी जुनी चाके भंगारात द्यायला सांगितली. ती मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवली.

चाके दिसायला छान होती, हे मी नाकारत नाही. पण गाडी जड झाली. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवायचे म्हणजे विहिरीवरचा रहाट ओढायचा, आणि माझा उजवा खांदा नोकरीत गेलेला आहे. पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासे, म्हणून पूर्ण वळवताच येत नसे. चाक बाहेर आले की त्याचा भार बेअरिंगवर वेडावाकडा येतो. जी बेअरिंगे पूर्वी वर्षानुवर्षे निमूट चालली, ती आता दोनदा बदलावी लागली. बदलण्याआधी प्रत्येक वेळी त्यांचा घूंऽऽ आवाज यायचा, आणि ते इंजिनाचे गाणे आहे असे नॉर्मन मंडळात सांगायचा. टायर इतके चपटे की रस्त्यातला खडा पाठीला कळायचा. बहिणीकडून आणलेली अंडी घरी फुटून यायची. नॉर्मनचे म्हणणे, आम्लेट करायला तर ती फोडावीच लागतात.

सदर बहीण एनिड ही माझ्याहून मोठी असून डोंगरावर एकटी राहते. दर बुधवारी मी तिच्याकडे जात असे. तिच्या घराखाली रस्ता भिंतीला लागून कोपरासारखा वळतो. दहा इंची चाकांवर मी तिथे एका दमात वळत असे. तेरा इंचीवर पुढे-मागे करत तीन दमांत, आणि पुढे खांद्यामुळे तेही होईना. नॉर्मनला घेऊन जा म्हटले तर तो म्हणे, तिथल्या दगडांनी चाकांना ओरखडे येतील. माझे बुधवार असे एकेक करून बंद झाले.

मार्चमध्ये एनिड अंगणात घसरून पडली आणि तिने मला फोन केला. मी त्या वळणापर्यंत गेले. गाडी तिथे आडवी अडकली. मी खूप जोर लावला. शेवटी गाडी मागे-मागे उतरवून परत आले. एनिडला पोस्टमनने उचलले. मी घरी येऊन हे सांगू लागले तेव्हा नॉर्मन आधी वाकला आणि त्याने पुढचे डावे चाक तपासले. त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले नाही. मला रडू आले होते, आणि रडत असताना मला भांडता येत नाही.

शनिवारी दुपारी नॉर्मन क्रिकेटच्या सामन्यात पंच म्हणून उभा असताना मी जॅक लावला. पान्याला लांब पाइप जोडला की नट सुटतात, त्याला खांदा लागत नाही. काम भर रस्त्यात केले. गल्लीतले निम्मे लोक जाता-येता थांबले, एकीने चहा आणून दिला. नॉर्मनला कोणी सांगितले नाही, कारण निम्म्या गल्लीची बाळंतपणे मी केली आहेत. रुंद मडगार्डखाली ती छोटी चाके थोरल्या भावाची पँट घातलेल्या पोरासारखी दिसत होती, हे मला मान्य आहे.

शनिवारी नॉर्मन अंधार पडल्यावर परतला. रविवारी सकाळी तो चाके पुसायला फडके घेऊन बाहेर गेला आणि त्याने पोलिसांआधी मंडळाला फोन केला. सर्व सभासद आले. त्यांनी पुराव्याला हात लावू नये असे ठरवले आणि मग एकेक जण पुराव्यात बसून गावाला चक्कर मारून आला. सगळ्यात शेवटी अध्यक्ष डेनिस टिमिस गेले, ते लवकर येईनात. आले ते हसतच. नंतर त्यांना प्रसंगाचे भान आले. ते म्हणाले, "नॉर्मन, चोर कोण असेल तो असो, त्याला गाडी कळते." चोरीपेक्षा हे वाक्य नॉर्मनला जास्त लागले, आणि म्हणून तो चौकीत आला, असे माझे मत आहे.

मी गप्प का राहिले असे विचारल्यावरून सांगते की, मला कोणी विचारलेच नाही. या लोकांनी शेजारच्या तीन गावांवर संशय घेतला. आपल्या स्वयंपाकघरात कोणी संशय घेण्याजोगे असेल, हे त्यांच्या डोक्यात आले नाही.

चोरीचा माल कुठे आहे असे विचारल्यावरून सांगते की, तो घरातच आहे. स्वयंपाकघरामागे पाहुण्यांची खोली आहे, तिथल्या पलंगावर दोनावर दोन अशी चाके झोपवली असून वर रजई घातली आहे. त्या खोलीत चादरी बदलाव्या लागतात, त्यामुळे नॉर्मन तिकडे कधी फिरकत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

यानंतर हवालदारांनी बाहेर बाकावर बसलेल्या नॉर्मनला आत बोलावले व वरील मजकूर त्याला वाचून दाखवला. मार्चच्या परिच्छेदाशी हवालदार जरा अडखळले. नॉर्मनने टोपीची कड फिरवली. चाकांना ओल लागली का, असे तो विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. त्याने विचारले, "आता त्या वळणावर वळते का गं?"

मी म्हटले, "ते आज कळेल. आज बुधवार आहे."

तक्रार मागे घेतो, असे तो हवालदारांना म्हणाला. रविवारच्या चषकाचे काय, असे हवालदारांनी विचारले. डेनिसला मिळू दे, असे म्हणून त्याने मला विचारले की, मी शेजारी बसून येऊ का. येताना अंडी मांडीवर धरावी लागतील, या अटीवर मी हो म्हटले.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला, मी ऐकला, आणि तो मी सांगितला तसाच उतरला आहे, एक चूक वगळता. पहिल्या परिच्छेदात "पतीची निळ्या रंगाची जुनी मिनी गाडी" असे लिहिले गेले आहे. ते हवालदारांनी तक्रारीवरून घेतले. ते मी दुरुस्त करायला सांगितले. हवालदारांनी पेन उघडले, तेवढ्यात नॉर्मनने ते त्यांच्या हातातून घेतले, "पतीची" यावर काट मारली, वर "माझ्या बायकोची" असे लिहिले आणि शेजारी सही केली. जबाब माझा असल्याने तिथे "माझी" एवढेच हवे, असे हवालदारांचे म्हणणे पडले. माझे म्हणणे पडले की, राहू द्या, बरोबर आहे.

सही: ऑड्री पार्फिट