दहावा माणूस

सन दोन हजार चोवीस, आणि मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. चौथीत शाळा सोडली, सुतारकाम धरलं, रेवदंड्याजवळच्या आमच्या गावात अर्ध्या घरांचे दरवाजे माझ्या हातचे आहेत, हे आधी लिहून घ्या. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, पण गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं, कारण आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी, आमच्या शब्बाथच्या सुट्टीला, बंद. आमच्यात सांगतात, पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, ग्रंथ समुद्रात गेले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्या तोंडात एक शेमा राहिली, देव एक आहे एवढीच ती प्रार्थना. तेवढ्यावर पिढ्यान् पिढ्या काढल्या. काय सांगू तुम्हाला, मला ती बाबांनी रंधा मारता मारता शिकवली, पुस्तक नव्हतंच.

बायको गेली तशी मुलानं, एलियानं, मला जर्मनीत डार्मश्टाटला आणलं. इथं करमत नाही, उगाच ट्रामनं शेवटापर्यंत जातो नि परत येतो. तर बाबांच्या मृत्यूचा दिवस आला. त्या संध्याकाळी कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचा असतो आणि त्याला दहा ज्यू पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. एलिया प्रार्थनालयात घेऊन गेला. मोजले, तर त्याला धरून नऊ. मी बोललो, मी आहे की दहावा.

तिथला कारभारी भला माणूस, अवघडला बिचारा. एलिया मला सांगतो, आल्झो, तर बाबा, इथं नवीन माणसाला ऊरकुंडे द्यावी लागते, दाखला हो, आई ज्यू होती असा. मी माझ्या आईचा दिला, तुम्ही आजीचा द्या, तिच्या लग्नाचा कागद काकांच्या ट्रंकेत आहे ना, फोटो मागवतो, पाच मिनिटांचं काम. मी बोललो, नाही. अहो पण बाबा. नाही बोललो ना. माझ्या आईनं जन्मभर शुक्रवारी सांजेला शब्बाथचा दिवा लावला, तिची साक्ष ट्रंक देणार का.

मग तिथंच डोळ्यांवर हात ठेवून शेमा म्हटली, आमच्या गावच्या चालीत, सगळी. कारभारी बोलला, सुंदर, पण नियम. नऊचे नऊच राहिले, कद्दीश झाला नाही. एलिया कोट घालता घालता बोलला, आजोबांचा दिवस तुम्ही घालवलात. खोटं नव्हतं ते, अजून टोचतं. कागद अजून मागवलेला नाही, हेही लिहा.

दाराशी बोरिस आला, युक्रेनचा, माझ्याच वयाचा, त्या नऊतला. एलियामार्फत बोलला, तुमच्याकडे कागद नाही, माझ्याकडे आहे, तिकडच्या सरकारनं दाखल्यावर ज्यू असं छापलं होतं, त्यापायी मला कॉलेजात घेतलं नाही. आणि घरात भीतीनं कुणी काही शिकवलंच नाही. इथं नुसता उभा राहतो, ओठ हलवतो. मी विचारलं, मग आईच्या मृत्यूच्या दिवशी काय म्हणतोस. बोलला, गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबांचा दिवस अजून मावळायचा होता, आमचा दिवस सांजेपासून सांजेपर्यंत, एलियाला न सांगता ट्राम धरली आणि त्यानं लिहून दिलेल्या पत्त्यावर बोरिसच्या घरी गेलो. ना त्याला माझी भाषा, ना मला त्याची. त्याचाच हात धरून त्याच्या डोळ्यांवर ठेवला, शेमाचा एकेक शब्द म्हणत गेलो, तो मागून म्हणत गेला, चुकला की मी टेबलावर बोट वाजवायचो. संपल्यावर बाबांचं नाव मोठ्यानं घेतलं, शालोम, आणि त्याच्याकडे बघत राहिलो. तो बोलला, रोझा, त्याच्या आईचं नाव. तेही मी मोठ्यानं घेतलं, आणि परत पहिल्या शब्दापासून सुरू केलं.