पाचवा चौकोन

वेबसाइटचं नाव माझ्यापुढं काढू नका. आमची बँजो पार्टी तिनंच मोडली. वारंगा फाट्यावर आमी पाच जण वाजवायचो. पार्टीची वेबसाइट बनवाया गेलो, तर हिंगोलीतला नेट कॅफेवाला म्हणला, "तयार टेम्प्लेट हाय काका, फक्त नावं अन् फोटो टाकायचे." त्यात 'आमची टीम' म्हणून फोटोचे चौकोन चारच.

म्हणलं, "पाचवा काहून न्हाई?"

"ते तसंच येतं. मला वाढवता येत न्हाई."

"मग एका चौकोनात दोघं बसव."

बसवले, तर दोघांची मुंडकी चेपून गेली. शेवटी त्यानं ढोलवाल्या सुदामचा फोटो काढून टाकला.

सुदाम आमच्यासंगच आलता. त्यानं पडद्यावरचे चौकोन मोजले. "म्हंजे मी पार्टीत न्हाई," एवढंच म्हणला अन् उठला. पुढच्या वरातीला तो आलाच न्हाई. ढोलाशिवाय वरात हलती का? नवरदेव घोड्यावर ताटकळला अन् वऱ्हाडी आमाला शिव्या देऊन राहिले. ताशावाला सुदामचा साडू, तो त्याच्या मागं गेला. बाकीचे दोघं दुसऱ्या पार्टीत गेले.

पुढं कॅफेवाल्याचा फोन आला, "काका, खुशखबर! आता पाचवा चौकोन टाकता येतो."

म्हणलं, "बापा, आता चारातले तीन काढायचं शिक."