शेवटच्या ओळीतलं नाव

—न्हाई वो, जुन्या पेपरातला त्यो सत्काराचा फोटू नगा दावू मला. शाल, हार, दात काढून हसणारं पुढारी — किळस येती बगून. व्हय, आत तपासायला नेलंय ते त्येच. सयाजी शाहीर. माझं वडील. खंडाळ्यापासनं जतपातूर इचारा कुणालाबी — आण्णांची डफावर थाप पडली की समोरचा फड गार! आता घसाच काढलाय, हितंच, मिरजंच्या दवाखान्यात. बोलायचं ते पाटीवर लिवत्यात.

मी? मी हंबीरराव, फौजेत हुतो. ल्हानपणी लय लाज वाटायची वो — बाप गावोगाव डफ बडवतोय म्हणून. रेजिमेंटमधी सांगून टाकलं, वडील मास्तर हायती. मग एकदा बडाखान्याला, म्हंजी फौजेतल्या मोठ्या पंगतीला, सायेब म्हणाले, गावाकडचं कायतरी गा. दुसरं काय येत हुतं मला? आण्णांचंच गायलो. आता भेदिक, म्हंजी सवाल-जवाबाच्या गाण्यात कसं असतं, शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं — ‘सयाजी म्हणे, उत्तर दे रं, फड सोडून जाऊ नको.’ मी काय म्हणालो? ‘हंबीर म्हणे!’ टाळ्या! पंजाबी, बंगाली, समदी मला खांद्यावर घेऊन नाचली. तवा पैल्यांदा वाटलं, मीबी कोणतरी हाय. वीस वरसं तेच गायलो — माझं म्हणून. शी! बापाच्या ताटातलं खाल्लं, आन् सांगितलं काय, तर मीच रांधलंय.

गेल्या म्हैन्यात गावानं सत्कार ठेवला. म्हणाले, आण्णांचा आवाज गेला, आता लेकानं गावं. आण्णांनी सोता डफ धरला — आन् ताल? तसूभर हलला न्हाई. आन् शेवटच्या ओळीला माझ्या तोंडातनं काय आलं, सांगू? — व्हय. तेच. गावानं टाळ्या पिटल्या, कुणाच्या ध्यानातबी न्हाई आलं. आण्णांनी डफावर पंजा ठेवला. आवाज बंद. माझ्याकडं बगितलंबी न्हाई.

माफी? मागितली की! ‘चुकून आलं तोंडात’ म्हणालो. चुकून! वीस वरसं घोटलेलं, आन् चुकून — थू माझ्या जिनगानीवर. मघाशी नर्सबाईनं इचारलं, बाबा, सोबत कोण आलंय? तर पाटीवर लिवलं — ‘गावातला हाय कुणीतरी.’

काय म्हणालात? एक कडवं ऐकवू? ह्या तोंडानं? — उठा. उठा वो, तुमचा नंबर पुकारलाय. जावा म्हणतो न्हवं!