हवालदारांची डाय आणि घागरभर पाणी

मी चहाला नको म्हणालो की तुम्ही हसता, म्हणून एकदा कारण सांगूनच टाकतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळामुळे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. नव्या जिल्ह्याची पहिली नेमबाजी स्पर्धा रविवारी होती. निवृत्त हवालदार शिवाप्पांकडे बंदुकीचा परवाना होता आणि ते आपली काडतुसं स्वतःच भरायचे. पण काडतुसात गोळी दाबून बसवायची त्यांची डाय, म्हणजे पोलादी साचा, आतून खरखरीत झाली होती, त्यामुळे प्रत्येक गोळीवर ओरखडा उठायचा. सोमवारी ते ती आमच्या लेथच्या दुकानात घेऊन आले.

"पॉलिश करून देतो हवालदारसाब," आमचे उस्ताद रहीमचाचा म्हणाले, "पण धुवायला पाणी न्हाई. घागरभर आणा."

दुपारपर्यंत मी डाय काचेसारखी गुळगुळीत केली. धुवायला वाटीभर पाणी पुरलं. उरलेल्या पाण्याचा चाचांनी चहा टाकला.

संध्याकाळी हवालदार आले तेव्हा चाचा म्हणाले, "जरा खरखर हाय. उद्या अजून एक घागर लागंल."

असं शनिवारपर्यंत चाललं. त्या दिवशी चाचा नमाजाला गेले होते. हवालदारांनी मला विचारलं, "लेका, खरं सांग. उद्या स्पर्धा हाय. डाय होणार का न्हाई?"

मी मान खाली घालून म्हणालो, "सोमवारीच झालीय. तुमच्या पाण्याचा आम्ही रोज चहा केला."

ते रागावले नाहीत. डाय खिशात टाकत त्यांनी विचारलं, "च्या कसा लागला?"

"चांगला लागला."

"लागणारच. म्हशीच्या हौदातलं पाणी हाय. तुम्ही धुवायलाच मागितलं होतं न्हवं?"